होंडा जीएक्सव्ही १६० लॉनमोअरला कोणतं ऑइल घालावं? १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० की एसएई ३०?

हिरवळ_नाशिक

नमस्कार मंडळी. सोसायटीत साधारण सहा हजार चौरस फुटांचं लॉन आहे. मशिन २१ इंची, त्यावर होंडाचं जीएक्सव्ही १६० हे फोर-स्ट्रोक इंजिन. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा, एका वेळी दीड तास चालतं. एरवी दहा दिवसांतून एकदा. मशिनबरोबर आलेली पुस्तिका हरवली आहे.

ऑइलबद्दल जो तो वेगळं सांगतोय. माळीकाका आजवर मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० घालत आले. स्पेअर पार्टवाले म्हणतात, उन्हाळा कडक आहे, सरळ एसएई ४० घाला. इंटरनेटवर बघावं तर जो तो एसएई ३० सांगतो आणि ते इथे चार दुकानं फिरूनही मिळालं नाही. प्रश्न असे:

१. नेमकं कोणतं ऑइल आणि किती?
२. बाइकचं ऑइल चालतं का? इतके दिवस घातलं त्याने काही बिघडलं असेल का?
३. किती दिवसांनी बदलायचं?
४. आठवडाभर झाला, मशिन सुरू केलं की निळसर धूर येतो आणि एअर फिल्टरचा स्पंज तेलाने ओला झालाय. हे ऑइलमुळेच का?
५. कडेचं गवत कापायला जीएक्स ३५ इंजिनाचा ब्रश कटर आहे. त्यालाही हेच ऑइल चालेल का?

पान्हा_दहाबारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: १०डब्ल्यू-३०, डब्यावर एपीआय (ऑइलच्या दर्जाची अमेरिकन श्रेणी) एसजे किंवा त्यानंतरची श्रेणी छापलेली हवी, आणि माप ६५० मिली. या इंजिनासाठी होंडाची शिफारस हीच आहे. एसजेनंतर एसएल, एसएम, एसएन, एसपी अशा श्रेणी आल्या. यातली कोणतीही चालते, कारण नवी श्रेणी जुनीची जागा घेऊ शकते.

आता हे का, ते समजून घ्या, म्हणजे दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी गोंधळ होणार नाही. १०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंड असताना किती सहज वाहतं ते सांगतो. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सियसला ते किती दाट राहतं ते सांगतो. ३० ग्रेडचं ऑइल १०० अंशांवर ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (दाटपणाचं माप) भरतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३. म्हणजे एसएई ३० आणि १०डब्ल्यू-३० ही दोन्ही ऑइलं इंजिन तापल्यावर एकाच गटातली. फरक फक्त गार असतानाचा. नाशिकला जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा एसएई ३० मधासारखं होतं आणि दोरी ओढताना हाताला कळतं. १०डब्ल्यू-३० तेव्हाही हलकं असतं.

या इंजिनात कारसारखा ऑइल फिल्टर नाही. लॉनमोअरची उभ्या शाफ्टची लहान इंजिनं तळातलं ऑइल उडवून सगळीकडे पोचवतात. बऱ्याच इंजिनांत त्यासाठी पाती असलेलं चाक असतं, ते ऑइलचे शिंतोडे वर मारतं. आडव्या शाफ्टच्या पंपसेट इंजिनात हेच काम कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी करते. याचा अर्थ असा की पातळी बरोबर असेल तरच शिंतोडे उडणार. कमी असेल तर पाती कोरडी फिरतात, रॉडचं बेअरिंग तापून क्रँकला चिकटतं आणि रॉड तुटून क्रँककेसला, म्हणजे ऑइल असलेल्या इंजिनाच्या तळाच्या कप्प्याला, भोक पाडतो. जास्त असेल तर ऑइल घुसळलं जाऊन त्याचा फेस होतो आणि तो ब्रीदरच्या (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरमध्ये येतो. तुमचा ओला स्पंज मला तसाच दिसतोय.

म्हणून ग्रेडवर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मं लक्ष जरी पातळीकडे दिलं तरी ही इंजिनं वर्षानुवर्षं टिकतात. २०डब्ल्यू-४० घालून बरोबर पातळीवर चालवलेलं इंजिन हे अचूक १०डब्ल्यू-३० घालून दीडशे मिली कमी ठेवलेल्या इंजिनापेक्षा नक्की सुखी असतं.

पातळी बघण्याची पद्धत नीट वाचा, कारण चूक इथेच होते. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, ऑइल खाली उतरू द्या. मशिन सपाट फरशीवर ठेवा, मातीत नाही. चारही चाकांची उंची एकाच खाचेत आहे ना ते बघा. पुढची चाकं दोन खाचा खाली असतील तर अख्खं इंजिन पुढे कलतं आणि झाकणाला जोडलेली ऑइल मोजायची काटी खोटं सांगते. झाकण काढा, काटी पुसा, परत घाला, पण आटे फिरवू नका. नुसती टेकवा आणि बाहेर काढा. होंडाच्या या इंजिनांत न फिरवता मोजायचं असतं. फिरवून मोजलं तर काटी आणखी खाली जाते, ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि प्रत्यक्षात कमी राहतं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या बऱ्याच इंजिनांत याच्या उलट, झाकण पूर्ण आवळून मोजायचं असतं. एका कंपनीच्या मशिनची सवय दुसऱ्यावर चालवू नका.

चाळीस_ग्रेड

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण बाइकच्या ऑइलबद्दल गैरसमज फार आहेत.

मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच सगळे एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लच घसरू नये म्हणून त्या ऑइलमध्ये घर्षण फार कमी करणारी द्रव्यं घालत नाहीत. डब्यावर जेएएसओ (जपानी वाहन मानक) एमए किंवा एमए-२ लिहिलेलं असतं ते यासाठी. स्कूटरमध्ये क्लच कोरडा आणि वेगळा असतो, म्हणून तिचं ऑइल जेएएसओ एमबी. लॉनमोअरच्या इंजिनात ऑइलमध्ये बुडालेला क्लचच नाही, त्यामुळे एमए घाला की एमबी, त्याला फरक पडत नाही. बाइकचं ऑइल म्हणून इंजिन बिघडेल ही भीती काढून टाका. बघायचं ते ग्रेड आणि एपीआय श्रेणी.

इथे एक सोपी गोष्ट सांगतो. स्कूटरचं १०डब्ल्यू-३०, जेएएसओ एमबी, हे प्रत्येक ऑटोमोबाइल दुकानात मिळतं आणि बरेचदा ८०० मिलीच्या डब्यात मिळतं. तुमच्या मशिनला ६५० लागतं. म्हणजे एका डब्यात एक बदल आणि वर घालायला १५० मिली शिल्लक. लॉनमोअरचं खास ऑइल शोधत फिरायची गरज नाही. डब्यामागे एपीआय एसजे, एसएल किंवा पुढचं अक्षर आहे एवढं बघून घ्या.

२०डब्ल्यू-४० मुळे काय झालं असेल? उन्हाळ्यात काही नाही. मार्च ते मे दुपारी ३८-४० अंशांत हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ४० ग्रेड त्रास देत नाही. त्रास होतो तो गारठ्यात: सुरू करताना जड जातं आणि पहिली काही सेकंदं दाट ऑइल वर नीट उडत नाही. इंजिनाची बरीचशी झीज याच सेकंदांत होते. सरळ एसएई ४० तर गार असताना २०डब्ल्यू-४० हूनही जड असतं, त्यामुळे स्पेअर पार्टवाल्यांचा सल्ला मी घेणार नाही. विदर्भात ४५ अंशांत दिवसभर चालणाऱ्या मशिनला २०डब्ल्यू-४० बद्दल मी वाद घालणार नाही. नाशिकला १०डब्ल्यू-३० बारा महिने पुरतं.

शिल्लक २०डब्ल्यू-४० वर १०डब्ल्यू-३० पडलं तर आकाश कोसळत नाही. दोन्ही मिनरल ऑइलं एकमेकांत मिसळतात. पण मुद्दाम अर्धं-अर्धं करू नका. सगळं काढा आणि नवं घाला.

या चार गोष्टी मात्र घालायच्याच नाहीत. टू-स्ट्रोकचं टूटी ऑइल क्रँककेसमध्ये, कारण ते पेट्रोलबरोबर जळून जाण्यासाठी बनवलेलं असतं. सुटं, बिनश्रेणीचं ऑइल, ज्यात काजळी धरून ठेवणारं डिटर्जंट नसतं. गिअर ऑइल. आणि ‘इंजिन नवं करतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या. डिझेलचं १५डब्ल्यू-४० पुष्कळ जण वापरतात. त्या डब्यावर सीआय-४ बरोबर एसएल अशी पेट्रोलची श्रेणीही छापली असेल तर अडीअडचणीला चालेल, पण त्यात राख जास्त असते. जुन्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनात ती राख प्लगवर आणि व्हॉल्व्हवर बसते.

सिंथेटिक घातलं तर उत्तम, पण त्यामुळे बदलण्याची मुदत वाढवू नका. फिल्टर नसलेल्या इंजिनात धातूची कीस आणि काजळी ऑइलमध्येच फिरत राहते. ऑइल कितीही महागाचं असलं तरी ती बाहेर काढायचा मार्ग एकच, ऑइल बदलणं.

ओंटारियो_गवत

एसएई ३० चा सल्ला कुठून येतो ते सांगतो. इकडे उत्तर अमेरिकेत ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनची इंजिनं घरोघरी आहेत आणि त्यांच्या तक्त्यात ४ अंश सेल्सियसच्या वर एसएई ३० आहे. १०डब्ल्यू-३० साठी त्यांनी उणे १८ ते २७ अंश असा पट्टा दिलाय आणि २७ च्या वर ऑइल जास्त खर्च होईल अशी सूचना आहे. त्यामुळे सगळे व्हिडिओ एसएई ३० सांगतात. इथे एप्रिलच्या सकाळी पारा शून्याजवळ असतो, तेव्हा त्याच एसएई ३० वर दोरी ओढून खांदा दुखतो आणि लोक ५डब्ल्यू-३० सिंथेटिककडे वळतात.

२७ अंशांची ती सूचना तुमच्याही कामाची आहे, इंजिन होंडाचं असलं तरी. १०डब्ल्यू-३० मधलं मूळ तेल पातळ असतं आणि त्यात दाटपणा टिकवणारे पॉलिमर मिसळलेले असतात. हवेवर थंड होणारं इंजिन भर उन्हात उंच गवतात राबलं की त्या पातळ तेलाचा काही भाग वाफ होऊन उडतो. म्हणून ग्रेड बदलायची गरज नाही, पण उन्हाळ्यात प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी काटी बघा. नाशिकच्या मे महिन्यात महिन्याकाठी थोडं ऑइल वर घालावं लागलं तर तो इंजिनाचा दोष समजू नका.

सिलिंडरवरच्या पंख्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) स्वच्छ ठेवणं हे ऑइलइतकंच महत्त्वाचं. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं की पंख्यांमध्ये वाळलेल्या गवताचा नमदा बसलेला दिसतो. हवा अडली की ऑइलचं तापमान वाढतं आणि मग कोणतीही ग्रेड पुरत नाही. मोसमातून दोनदा कोरड्या ब्रशने साफ करा. पाण्याचा फवारा मारू नका.

पान्हा_दहाबारा

पंख्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, माझ्याकडून राहिला होता.

आता तिसरा प्रश्न. होंडाचं वेळापत्रक: नवं इंजिन असेल तर पहिल्या महिन्यात किंवा २० तासांनी एकदा, मग दर ६ महिन्यांनी किंवा १०० तासांनी, यातलं जे आधी येईल ते. ब्रिग्जचं: पहिल्या ५ तासांनी, मग ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा. तुमचा हिशेब करा. पावसाळ्याचे सोळा आठवडे, आठवड्याला तीन तास, म्हणजे ४८ तास. उरलेले आठ महिने दहा दिवसांतून एकदा दीड तास, म्हणजे ३६ तास. वर्षाला ८४. शंभर तास वर्षात भरतच नाहीत, त्यामुळे सहा महिन्यांची मुदत आधी येते. जूनच्या सुरुवातीला एकदा आणि नोव्हेंबरात एकदा बदला. धूळ फार असेल तर ५० तासांची वही ठेवा. इंजिनावरच मार्करने तारीख लिहिली तरी पुरे.

नोव्हेंबरचा बदल चुकवू नका. चार महिने ओल्या गवतात चाललेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये बाष्प आणि जळण्यातून आलेलं आम्ल साठलेलं असतं. तेच ऑइल हिवाळाभर आत राहिलं तर बेअरिंगचा पृष्ठभाग खाऊन टाकतं.

बदलायची रीत अशी. मशिन दोन-तीन मिनिटं चालवा, ऑइल कोमट झालं की तळाशी बसलेला गाळ बरोबर येतो. बंद करा. प्लगची टोपी काढून बाजूला बांधा, पातं चुकून फिरलं तर हात जातो. पेट्रोलचा कॉक बंद करा. ड्रेन बोल्ट सहज हाती येत असेल तर तो काढा. नसेल तर मशिन ऑइल भरायच्या तोंडाच्या बाजूला कलंडवा आणि परातीत ओता. कलंडवताना एक नियम पाळा: एअर फिल्टर आणि कार्बोरेटर नेहमी वर राहिले पाहिजेत. ते खाली गेले तर ऑइल फिल्टरमध्ये आणि पेट्रोल सिलिंडरमध्ये जातं. पेट्रोलची टाकी आधी रिकामी केलेली बरी.

पाच मिनिटं निथळू द्या. ड्रेन बोल्ट काढला असेल तर त्याचा वायसर बघा. दबून पातळ झालेला किंवा चिरलेला असेल तर नवा टाका, नाहीतर महिनाभराने डेकखाली थेंब दिसायला लागतात. बोल्ट बेताने आवळा. क्रँककेस ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर मोठं काम निघतं. मग मापाच्या भांड्याने आधी ६०० मिली घाला, ६५० एकदम नको, कारण जुन्यातलं थोडं आत राहतंच. दोन मिनिटं थांबा, काटी बघा, मग वीस-तीस मिली करत वरच्या खुणेपर्यंत न्या. सुरू करा, दोन मिनिटांनी बंद करा, थोडं थांबून परत मोजा.

निघालेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं. डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात द्या, तिथून ते पुनर्प्रक्रियेला जातं.

रत्नागिरी_कटर

ब्रश कटरचं सांगतो. जीएक्स ३५ ला ऑइल तेच, १०डब्ल्यू-३०, पण माप फक्त १०० मिली. त्याचं धाकटं भावंड जीएक्स २५, त्याला ८० मिली. इतक्या कमी मापात वीस मिली जास्त पडलं तरी ते पाचव्या हिश्श्याने जास्त होतं, आणि लगेच धूर, प्लग काळा. डब्यातून सरळ ओतू नका. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज घ्या, सुई न लावता. कटर आडवा ठेवून इंजिन सपाट धरलं की ऑइल तोंडाच्या काठाला टेकलेलं दिसलं पाहिजे.

हे इंजिन कसंही धरलं तरी चालतं, कारण आत ऑइलची धुकट वाफ फिरवून वंगण होतं. त्यामुळेच शंभर मिलीत भागतं आणि त्यामुळेच ते लवकर खराब होतं. पहिला बदल महिन्याने किंवा १० तासांनी, मग ६ महिने किंवा ५० तास. कोकणात पावसाळ्यात रोज पाच-सहा तास कटर चालवणाऱ्यांना हे पन्नास तास दहा दिवसांत भरतात. तिथे महिने बघून चालत नाही, तास मोजावे लागतात.

एक धोक्याची सूचना. सोसायटीत पुढेमागे टू-स्ट्रोक कटर आला तर पेट्रोलचे डबे वेगळ्या रंगाचे ठेवा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल भरायचं वेगळं तोंडच नसतं. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं. ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली, ४० ला १ असेल तर २५ मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. डब्यावर जेएएसओ एफसी किंवा एफडी बघा. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घेऊ नका, ते पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनांचं. कोणी नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन काही मिनिटांत सीझ होतो. उलट मिश्रण फोर-स्ट्रोकमध्ये गेलं तर धूर आणि काळा प्लग यावर भागतं, टाकी रिकामी करून धुवून घ्या.

चाळीस_ग्रेड

धुराबद्दल. पुढचं करण्याआधी तीन गोष्टी तपासा आणि इथे लिहा, तोपर्यंत मशिन सुरू करू नका.

एक, काटीवर पातळी कुठे आहे. दोन, कोणी मशिन पातं साफ करायला चुकीच्या बाजूला कलंडवलं होतं का. तसं असेल तर धूर दोन-चार मिनिटांत आपोआप थांबतो आणि काळजीचं कारण नसतं. तीन, काटीला लागलेल्या ऑइलचा वास घ्या आणि एक थेंब टिश्यू पेपरवर टाका. नुसतं ऑइल असेल तर डाग सावकाश पसरतो. पेट्रोल मिसळलं असेल तर थेंबाभोवती पातळ कडं झरकन पसरतं आणि वास सांगतोच. जवळपास बिडी-काडी नको.

ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर ते पाणी. पावसात उघड्यावर ठेवलेलं मशिन किंवा रोज पाच-पाच मिनिटंच चालणारं इंजिन, दोन्हीत होतं. इंजिन पुरतं तापत नाही, बाष्प आतच राहतं.

पातळी बरोबर, वास ठीक, मशिन कलंडवलेलं नाही, आणि तरीही धूर सतत येत असेल तरच रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइडचा विचार करायचा. तिथे थेट उडी मारून बोअर करून घेऊ नका.

हिरवळ_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासलं. माळीकाका झाकण पूर्ण आवळून मोजत नव्हते, मोजतच नव्हते, दर रविवारी अंदाजे थोडं घालत होते. पण काटीवर ऑइल वरच्या खुणेच्या पार वर आहे आणि वास स्पष्ट पेट्रोलचा येतोय. काढून मापलं तर जवळजवळ ९०० मिली निघालं, पाण्यासारखं पातळ. पेट्रोलचा कॉक आमच्याकडे कधीच बंद करत नाहीत. आता काय करू?

चाळीस_ग्रेड

सुरू न करता काढलंत ते फार बरं केलंत. पेट्रोलने पातळ झालेल्या ऑइलवर रॉडचं बेअरिंग जायला वेळ लागत नाही.

दोन गोष्टी एकत्र झाल्यात. दर रविवारचं वर घालणं, आणि कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई (वाटीत पेट्रोल भरलं की ते अडवणारी) नीट न बसणं. कॉक उघडा राहिला की टाकीतलं पेट्रोल रात्रभर त्या सुईवर दाब देतं. सुईखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी पेट्रोल झिरपत सिलिंडरमध्ये आणि तिथून रिंगांच्या फटीतून क्रँककेसमध्ये उतरतं. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हे वाढलंय. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि टाकीत उभ्या राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी तळाला बसतं, त्याने फ्लोटच्या वाटीत पांढरा गंज धरतो. होंडाच्या या इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल सांगितलंय. तेव्हा पेट्रोल आठवड्यापुरतं आणा, महिनाभर टाकीत ठेवू नका.

काम असं करा. कॉक बंद करून नळी कार्बोरेटरकडून काढा आणि बाटलीत सोडा. कॉक बंद असताना थेंब पडत असेल तर कॉकही बदला. वाटीखालचा बोल्ट काढून वाटी उतरवा, फ्लोटची पिन सरकवा, सुई हातात घ्या. टोकाच्या शंकूवर नखाला लागेल अशी गोल रेघ पडली असेल तर सुई बदलायची. रेघ नसेल तर सुई आणि तिची बैठक कार्बोरेटर क्लीनर आणि कानात घालायच्या कापसाच्या काडीने पुसा. तारेने खरवडू नका, पितळेला ओरखडा पडला की सुई कधीच बसणार नाही. वाटीची रबरी रिंग फुगलेली असेल तर तीही नवी.

जोडून झालं की एअर फिल्टर काढलेला ठेवा, कॉक उघडा आणि दहा मिनिटं कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरी मारून बघा. आत ओल दिसली नाही तरच पुढे जा.

प्लग काढून दोरी पाच-सहा वेळा ओढा, सिलिंडरमधलं पेट्रोल बाहेर उडेल. प्लगची टोपी दूर ठेवा, ठिणगी नको. फिल्टरचा स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, मग त्यात ताज्या ऑइलचे थोडे थेंब घालून दाबून पिळा. आतला कागदी फिल्टर ऑइलने भिजला असेल तर तो धुता येत नाही, नवाच टाका. मग १०डब्ल्यू-३० भरा, पान्हा_दहाबारा यांनी सांगितलंय तसं ६०० पासून.

पहिली पाच मिनिटं धूर येईल. सायलेन्सरमध्ये उरलेलं ऑइल जळत असतं. हे ऑइल सहा महिने ठेवू नका. पाच तास चालवून पुन्हा एकदा बदला, कारण कोपऱ्यांत राहिलेलं पेट्रोल आणि कीस त्यात उतरलेली असेल. त्यानंतर जून-नोव्हेंबर.

पान्हा_दहाबारा

माळीकाकांना एक काम लावून द्या. कापणी झाली की किल्लीने इंजिन बंद न करता कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायचं. वाटीतलं पेट्रोल संपतं, सुईवर दाब राहत नाही. आणि हिवाळ्यात महिनाभर मशिन बंद ठेवणार असाल तर नवं ऑइल घातल्यावर प्लगच्या भोकातून ५ ते १० मिली ऑइल सिलिंडरमध्ये सोडा, दोरी हळू दोन-तीनदा ओढा, प्लग बसवा. मग दोरी जड लागेल तिथेच थांबा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि ओल आत शिरत नाही.

हिरवळ_नाशिक

सुईवर रेघ आहे, नवी सुई आणि वाटीची रिंग आणली. स्कूटरचं १०डब्ल्यू-३०, ८०० मिली, एमबी आणि एसएल छापलेलं मिळालं. उद्या जोडतो. झाकणाजवळ रंगाने ‘आटे न फिरवता मोजा, ६५० मिली’ असं लिहून ठेवतोय आणि कॉकवर लाल टेप.